शुक्रवारची पूर्ण सही

५ सप्टेंबर १९८९, मंगळवार
आज नोकरीचा पहिला दिवस, म्हणून ही नवी वही. पद्मिनीमावशीने पोहे केले आणि त्यात मटार इतके ओतले की पोहे शोधावे लागले. मावशी म्हणजे आईची नागपूरची मैत्रीण. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, तिच्याच घरी मी राहते. तिचा मुलगा रवी, त्याचा जन्म इथलाच. मला स्टेशनवर सोडायला येतो तेव्हा मी मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो. वर माझ्याकडून मोठ्या बहिणीसारखी बडबड ऐकून घेतो, बिचारा.

ऑफिस न्यूअर्कला, चौथ्या मजल्यावर. एका देशात अकरा वर्षं चाललेली लढाई गेल्या वर्षी थांबली. त्या देशाचं नाव कुठेही न लिहिण्याचा करार झालाय, म्हणून इथेही लिहीत नाही. दोन्ही बाजूंनी शस्त्रं खाली ठेवली का हे बघायला आणि निवडणूक पार पाडायला आंतरराष्ट्रीय मिशन तिथे गेलंय. लढाईत बेपत्ता झालेल्यांचे मूळ कागद तिकडे कुणी जाळू नयेत म्हणून इथे आणून ठेवलेत. ते सांभाळायचं काम माझं. साहेबीण मिसेस केलर, स्वभावाने बरी वाटली. माझ्या जागेवर आधी हॅरल्ड नावाचा कारकून होता, तो मध्येच सोडून गेला म्हणे. टेबलावर भरपूर ऊन येतं. मला खूप आवडलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार
कामाची पद्धत कळली. एका माणसाचं एक पान. माणूस परतला, किंवा मेल्याचं सिद्ध झालं, की पान बंद. उघड्या पानावर दर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सांभाळणाऱ्याने सही करायची. नाही केली तर ‘दावेदार नाही’ असा शिक्का मारून पान बंद करतात. हजारो पानं अशी बंद झालीत. आता फक्त एकेचाळीस उघडी आहेत, सगळी नदीकाठच्या एका गावातली. एका सकाळी अख्खं गाव गेलं. दोन्ही सैन्यांचं म्हणणं, असं गाव नव्हतंच.

केलरबाई म्हणाल्या, आद्याक्षरं पुरतात, सगळे तेवढीच घालतात. मी ऐकलं नाही. आमच्या आजोबांचं नाव गावच्या कुठल्याच कागदावर धड नव्हतं, नुसती जात लिहिलेली. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. बाबा म्हणायचे, सही करायची तर पूर्ण नावाची, आडनाव लपवायचं नाही. मी एकेचाळीस वेळा लिहिलं, सुजाता लहू गजभिये. हात दुखला, पण छान वाटलं.

११ सप्टेंबर, सोमवार
बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर दहाबारा माणसं बसली होती. अनवाणी. एका बाईच्या परकराचा काठ ओला, खाली फरशीवर पाणी. मी केलरबाईंना म्हटलं, लोक खोळंबलेत. त्यांनी त्या खोलीत पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की रात्री झोप नीट झाली का.

मी पुन्हा गेले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. फरशी मात्र ओली होती. मी स्वतः पुसली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
आज सह्या करताना सतराव्या पानावरचा फोटो नीट पाहिला. तीच बाई. काठ ओला असलेली. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले. मग मनात आलं, ही मला काही करत नाही, नुसती बसते. बसू दे की. इतकी वर्षं तिला कुणी बसा म्हटलं नसेल. सगळ्या सह्या केल्या, पूर्ण नावाने.

बाहेर आता एकेचाळीस जण आहेत. मोजले.

१९ सप्टेंबर, मंगळवार
गाडीत कंडक्टरने माझं तिकीट घेतलंच नाही. शेजारच्याचं घेतलं, पलीकडच्या म्हातारीचं घेतलं. फुकट प्रवास म्हणून मी खूष. मग ऑफिसच्या खाली दरवानाने अडवलं. त्याच्या यादीत माझं नाव नाही म्हणे, आणि गेल्या दोन आठवड्यांत मला पाहिल्याचं त्याला आठवत नाही. याच माणसाने शुक्रवारी मला डोनट दिला होता!

केलरबाईंना हॅरल्डचा पत्ता विचारला. कोण हॅरल्ड, असं त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

दुपारी गठ्ठा मोजला तर बेचाळीस पानं. शेवटचं नवं. हॅरल्ड जेरोम पाइक, वय चौपन्न, बेपत्ता. व्यवसाय, कारकून. जुन्या पानांवर मागे उलटून पाहिलं. त्याच्या सह्याही पूर्ण नावाच्या होत्या.

कळलं. उघड्या पानाला जो पूर्ण नाव देतो त्याचं नाव ते पान हळूहळू ओढून घेतं. आद्याक्षरं घालणारे सुटतात. आणि आद्याक्षरं घातलेली पानं पुढे बंदच होत गेलीत, मी तारखा ताडून पाहिल्या.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
केलरबाईंनी फर्मावलं की आज सही नको. पुढच्या शुक्रवारी बारा वाजता मिशनचा शेवटचा अहवाल सीलबंद होणार. तेव्हा एक जरी पान उघडं असलं तरी करारानुसार पथक पाठवून तिथली जमीन खणावी लागेल, निवडणूक लांबेल, दोन्ही बाजू चिडतील. शून्य बेपत्ता असं लिहायचं ठरलंय. शांततेसाठी एवढं करावंच लागतं, असं त्या समजुतीने म्हणाल्या.

मी म्हटलं, ही कसली शांतता बाई, बेचाळीस माणसं गिळून ढेकर न देणारी? त्या रागावल्याही नाहीत. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावरून घसरली आणि त्या खोलीत एकट्या असल्यासारख्या निघून गेल्या.

सह्या केल्या. बेचाळीस. आद्याक्षरं घालायचा मोह झाला होता, अगदी पहिल्या पानाशी हात अडला. मग स्वतःचीच लाज वाटली.

२६ सप्टेंबर, मंगळवार
मावशीने दोनच ताटं घेतली. मी समोर उभी. मावशी, माझं ताट, म्हटलं. तिने मान वर केली, क्षणभर ओळखल्यासारखं केलं, आणि रवीला म्हणाली की दार लोटून घे, वारा येतोय. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

माझ्या खोलीत शिवणयंत्र ठेवलंय. आईला नागपूरला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली.

भीती वाटते. लिहून ठेवते, भीती वाटते. पण कागदावरची शाई तशीच आहे, पुसत नाही. म्हणजे सही चालते. बस्स.

२८ सप्टेंबर, गुरुवार
रवी सकाळी गाडीत बसला — मी मागे चढले — तो गाणं लावून एकटाच —

बाहेरच्या खोलीत बेचाळीस जण. हॅरल्ड ओळखू आला, टाय लावलेला, पाय अनवाणी. त्यांनी सरकून मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवलीये. माझ्याकडे बघतात. बसत नाही म्हटलं. अजून काम आहे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
अकरा पाच. केलरबाईंनी कपाटाला कुलूप घातलंय. किल्ली त्यांच्या समोरून उचलली. दिसत नसण्याचा एवढा तरी फायदा.

अकरा वीस. बारा पानं झाली.

अकरा चाळीस. तीस. ओला काठ माझ्या टेबलाशी उभा आहे — पाणी माझ्या चपलांत — सरका, पानं भिजतील —

अकरा बावन्न. एकेचाळीस. हॅरल्ड, तुझंही झालं. बेचाळीस. खणा आता! बघू कोण म्हणतं गाव नव्हतं —

गठ्ठ्यात अजून एक पान आहे.

त्रेचाळीस. सुजाता लहू गजभिये, वय सव्वीस, बेपत्ता. फोटोही आहे. स्वतःच्या पानावर स्वतःची सही चालत नाही — तीनदा केली — शाई उमटतच नाही —

चपला कुठे गेल्या माझ्या

पायांचे आवाज येताहेत, सील घेऊन येताहेत. माझं पान या वहीत ठेवते. वही दिसते त्यांना, मी नाही. ही वही ज्याच्या हाती लागेल त्याने — नाही, तू, तू जो आत्ता वाचतो आहेस — पानाच्या तळाशी सहीची जागा आहे. आद्याक्षरं घालू नकोस. काय होतं ते तुला ठाऊक आहे आता, तरी पूर्ण नाव लिही, आडनावासकट, बाराच्या आत, लि