नववं पाऊल

बागलकोटजवळचा कॅम्प,
रविवार, २२ नोव्हेंबर १९६४

प्रिय येसू,

पाकिटावर तुझं नाव बघून पोस्टमन ते दोनदा वाचेल आणि आईच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला इथे बसून दिसतंय. एरवी माझं पत्र बाबांच्या नावाने येतं आणि तुझ्या वाट्याला 'घरी सर्वांना सांगणे' एवढंच. हे मात्र तुझं एकटीचं आहे. गुरुजींकडे वाचायला नेऊ नकोस. चार बुकं शिकलीस म्हणून माहेरचा तोरा मिरवायचीस ना, मग आता वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

रामाचं पत्र आलं. त्याचं लग्न मार्गशीर्षात धरलंय, मांडव दारात पडणार. पण आपली चंद्री जाऊन तीन वर्षं झाली, तेवढीच वर्षं अंगणही झालेलं नाही. नवी माती टाकून चोपायला कुणी आलं की तू पडवीच्या पायरीशी जाऊन बसतेस, तिच्या मातीत उमटलेल्या पावलावर उपड्या घातलेल्या टोपलीजवळ. उन्हात टोपली, पावसात तिच्यावर इरलं. आईचा निरोप आहे की नवऱ्याने आता दम द्यावा. खाली रामाने बारीक अक्षरात आपलं घातलंय, "दादा, वैनीला वरडू नको. पण पाऊल आता अर्धा पण रायला नाय. मुंग्यांनी टाच खाल्ली." तिची टाच केवढीशी होती गं.

दम द्यायला मला तोंड नाही. का नाही ते सांगतोच, पण आधी माझ्या दगडांचं ऐक. 'कुडपणात कातळ कमी पडला म्हणून तिकडे दगड फोडायला गेलात का,' असं तू विचारलं होतंस. मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे मला घरात थांबवत नव्हतं, म्हणून मिळालं ते काम धरलं. भूशास्त्राच्या साहेबांच्या मागून हातोडा आणि नमुन्यांची पिशवी घेऊन फिरतो. आपला कातळ आगीतून आलेला, काळा, मुका. इथला दगड पाण्याने केलाय. गाळ बसत गेला, थरावर थर, भाकऱ्यांची चवड असावी तसा. मागच्या आठवड्यात एक फरशी उचकटली, तर तिच्यावर उथळ पाण्याखालच्या वाळूला असतात तशा लाटा. साहेब म्हणाले, शंभर कोटी वर्षांपेक्षा जुन्या आहेत. मी म्हटलं, साहेब, माझं गणित गुरांच्या पुढे जात नाही. तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती, मुंगी नव्हती, पाखरू नव्हतं. नुसतं ऊन, वारा आणि पाणी. इथला दगड लाल आहे, म्हणजे त्यातल्या लोखंडाला गंज चढलाय, आणि असा गंज चढायचा तर हवेत प्राणवायू लागतो. याहूनही फार जुन्या थरांत म्हणे असा लाल दगड मिळतच नाही. त्या काळच्या हवेत माणूस घटकाभर जगला नसता. बघायला कुणी नव्हतं, तरी हे सगळं दगडाने जपून ठेवलंय.

पुढे एक तुकडा मिळाला, त्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खळगे. साहेबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, हे पावसाचे थेंब. ओल्या चिखलावर कुठलीशी एक सर येऊन गेली, तिचे. थेंबाचा ठसा एवढी वर्षं राहतो आणि आपल्या पोरीचं पाऊल तीन वर्षांत मुंग्या खातात, याचा मला राग आला, खरंच राग आला. विचारलं, हे राहिलं कसं? साहेबांना वाटलं, गडी कामात लक्ष घालतोय. म्हणाले, उघडं असतं तर दुसऱ्याच पावसाने गेलं असतं. चिखल जरा सुकला, मग बारीक वाळू हलकेच वर येऊन बसली, तिच्यावर गाळ बसला. झाकलं गेलं म्हणून राहिलं.

आपण उलटं केलं, येसू. टोपलीखाली ते उघडंच होतं. तू रोज उचलून बघायचीस, बोट लावायचीस. रजेवर आलो की तू पाण्याला गेल्यावर मीही बघायचो. आपल्याच बोटांनी ते झिजलं असणार.

आता ते राहिलेलं. तू दर वेळी विचारतेस, एकच पाऊल कसं, पोर काय एका पायावर उडाली? आणि दर वेळी मी उठून गोठ्यात जातो. पावलं नऊ होती, येसू. तू नाचणी कापायला गेली होतीस. मी अंगण चोपून वर पाणी मारलं होतं, आणि चंद्री ओंजळ धरून तुळशीपासून दाराकडे एकेक पाऊल टाकत आली, गौर होऊन. माझं गुळगुळीत अंगण नासलं म्हणून मी तिच्यावर खेकसलो आणि तिच्या डोळ्यांदेखत लाकडी चोपण्याने एकेक पाऊल सपाट केलं. पायरीच्या आडचं नववं तेवढं मला दिसलं नाही. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आता गवर घरात कशी येल रे?" त्यानंतर बाराव्या दिवशी तिला तापात डोलीत घालून पोलादपूरला उतरवलं तेव्हा खांदा माझा होता, आणि घाटभर तेच कानात होतं. तू जपलंस ते मी ठेवलेलं नाही, माझ्या हातून चुकून सुटलेलं आहे. हे तुला माहीत नसताना तुला 'झाक' म्हणणं मला जमेना, म्हणून हे पत्र. लग्नाआधी आठ दिवस येतोय. येताना पोलादपूरला उतरून सावित्री नदीची वाळू चाळून आणीन. तोवर कुणाला चोपणं उचलू देऊ नकोस. वाळू तू घाल, तुझ्या हाताने, हलकेच, माती नंतर. माझा हात तिथे नकोसा वाटला तर मी पाण्याची कळशी घेऊन गडग्याबाहेर उभा राहीन. तू ये म्हणालीस तरच अंगणात पाय ठेवीन.

तुझाच,
हैबती