तिसरं पाणी

३ नोव्हेंबर

गुडघे दुखतात. बाकी काही नाही.

४ नोव्हेंबर

"एवढंच?" म्हणाली काल सून. वही तिची, पेन तिचं, हात तिचा, आणि मी एका ओळीत आटोपलं म्हणून बाईसाहेबांचं तोंड एवढंसं! डॉक्टरांनी सांगितलंय, रोजचं रोज आठवून बोलत जा, डोकं गंजणार नाही. मला अक्षर येत नाही. तेव्हा मी बोलायचं, तिने लिहायचं. अट एकच — मी बोलेन ते जसंच्या तसं. मध्ये स्वतःचं शहाणपण नाही. राग आला तरी लिहायचं.

"बरं आई," म्हणाली. हेही लिही गं.

७ नोव्हेंबर

कंटाळा आलाय. अंघोळीचा कंटाळा, उठण्याचा कंटाळा, बसून राहण्याचाही.

सून कॉलेजात शिकवते — मी छत्तीस वर्षं काचसामान धुतलं, त्याच प्रयोगशाळेत. तिला अकरा वर्षं झाली, अजून तात्पुरतीच. दर जूनला नवा कागद, नवी सही. आता एक लेख लिहितेय. तो छापून आला की कायम करतील, असं विभागप्रमुख म्हणालेत. लेख कशावर? तर आमच्या सरांच्या चंबूवर!

ऐकलं. पाणी मागितलं. तिला वाटलं, औषध घ्यायला.

८ नोव्हेंबर

चंबू काय ते सांगते. काचेचा, पाचशे मिलीचा. तोंडाला बूच, बुचातून वर निघालेली नळी — बदकाच्या मानेसारखी वाकडी. आत वाळल्या गवताचा काढा, उकळलेला. नळी उघडीच, हवा आत जाते. पण हवेतली धूळ त्या वळणात अडकते, खाली उतरत नाही. म्हणून काढा नासत नाही. नळी सरळ असती तर चार दिवसांत गढूळ. सरांनी असे पाच केले होते, मुलांना दाखवायला. त्यातले चार आठवडाभरात नासले. एक टिकला. येत्या जानेवारीत त्याला पन्नास वर्षं होतात.

सर मला 'तिसरं पाणी' म्हणायचे. मी प्रत्येक भांडं तीनदा धुवायची. पहिलं पाणी घाणीला, दुसरं साबणाला, तिसरं सरांच्या चष्म्याला! छत्तीस वर्षांत एक भांडं चुकीच्या खणात गेलं नाही. शंभरचं शंभरात, पाचशेचं पाचशेत. हातांची सालटं निघाली, तो भाग वेगळा.

१२ नोव्हेंबर

सून लेख वाचून दाखवते. मी डोळे मिटून ऐकते. तिला वाटतं, झोपले.

पूर्वी म्हणे लोकांना वाटायचं, चिंध्या आणि धान्य कोपऱ्यात ठेवलं की त्यातून उंदीर होतात. आपोआप! मांसातून अळ्या, आपोआप. मग एकाने मांसावर फडकं बांधलं — अळ्या नाहीत. म्हणजे माश्या घालत होत्या अंडी. एवढं कळायला शहाण्या पुरुषांची पिढ्यान् पिढ्या भांडणं! घरातला पसारा आपोआप आवरला जात नाही, हे मी जन्मभर ओरडून सांगतेय. मला कुणी शास्त्रज्ञ म्हणालं नाही.

आणखी एकाने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला. त्याला बारीक बारीक खोल्या दिसल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. तिथून पेशी हा शब्द निघाला. मी हजारो बुचं धुतली. मला एकही खोली दिसली नाही, फक्त डाग दिसले.

१३ नोव्हेंबर

आज सून तावातावाने बोलत होती. पेशी पेशीपासूनच होते, हे आधी एका गरीब माणसाने सिद्ध केलं. त्याला धड नोकरीही देईनात. मग दुसऱ्या मोठ्या डॉक्टराने तेच म्हटलं, आणि नाव त्याचं झालं. "हा अन्याय नाही का हो आई?"

"आहे," म्हटलं. "पण मग सगळ्यात पहिली पेशी कुणापासून झाली?"

"ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही."

चला, निदान एका बाबतीत तरी मी आणि कॉलेज बरोबरीला आलो.

१७ नोव्हेंबर

लेखाचं नाव ठरलं — पन्नास वर्षांचा चंबू. विभागप्रमुख म्हणाले, "पन्नास हा आकडा कसा लोकांच्या लक्षात राहतो!" सून खूश आहे. अकरा वर्षांत एवढी खूश पाहिली नव्हती.

जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज सांगते. हात थांबवायचा नाही.

तो चंबू पन्नास वर्षांचा नाही. एकतीस वर्षांचा आहे.

सर परीक्षा घ्यायला परगावी गेले होते, आठ दिवस. मी कपाट पुसायला चंबू उचलला, आणि माझी सवय — तळाला डाग आहे का बघायला तिरका केला. काढा नळीच्या वळणापर्यंत गेला, तिथली धूळ चाटून परत आत आला. एक घोटभर असेल. तिसऱ्या दिवशी गढूळ. एकोणीस वर्षं जपलेला! मी तिथेच फरशीवर बसले.

मग उठले. मेण खरवडलं, बूच काढलं, सगळं ओतून दिलं. चंबू धुतला, तीनदा. गवत आणलं, काढा केला, गाळला, भरला, बूच लावलं, उकळला. पण मन मानेना. दुसऱ्या दिवशी परत उकळला. तिसऱ्या दिवशी परत, मग मेण लावलं. सर आले, कपाटाकडे बघून म्हणाले, "वा! कसा लख्ख आहे बघ." मी म्हटलं, "हो सर."

बास. एवढंच होतं.

तू थांबलीस. लिही, की तू थांबलीस.

२२ नोव्हेंबर

तीन दिवस वही बंद होती. सून माझ्याशी बोलत होती, पण भाजीत मीठ किती, एवढंच. आज एकदम म्हणाली, "इतकी वर्षं गप्प बसलात, अजून दोन महिने बसला असतात तर?"

म्हटलं, "तुझं नाव खाली छापलं जाणार होतं गं. माझं असतं तर बसले असते."

रडली. मग वही आणली.

२६ नोव्हेंबर

सरांकडे जाऊन आलो. दोन जिने! वर पोचेपर्यंत माझा कबुली द्यायचा उत्साहच संपला होता. सर खुर्चीत. डोळे पूर्ण गेलेत. जन्मभर भिंगात घातले, आता समोरचा माणूस दिसत नाही.

"कोण? तिसरं पाणी?"

सांगून टाकलं सगळं. सरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "उकळलंस किती वेळा?"

"तीनदा. तीन दिवस."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? एकदा धुतलेल्यावर माझा विश्वास नाही."

सर असे हसले की ठसका लागला. गवतात म्हणे काही जंतू कठीण बीसारखे दडून बसतात. पहिल्या उकळीला मरत नाहीत. ते रात्रीतून उगवतात, दुसऱ्या उकळीत मरतात. उरलेसुरले तिसऱ्या. "मी एकदाच उकळलं होतं, म्हणून माझे चार गेले. पाचवा वाचला तो नशिबाने. तुझा नशिबाने नाही वाचला!" मग सुनेकडे तोंड करून, "एकतीस लिही. आणि हिचं नाव लिही. ऐकलंस?"

"हो सर," म्हणाली सून.

उतरताना तिने माझा हात धरला होता. तिचा हात गार.

४ डिसेंबर

सून विभागप्रमुखांशी बोलून आली. ते काय म्हणाले, विचारलं. "बघू म्हणाले."

लेख दिला का? "दिला."

एकतीस? "हो आई."

५ डिसेंबर

बरं वाटतंय. गुडघे तेच, पण बरं वाटतंय. लिहून ठेव, पुन्हा कधी म्हणेन सांगता येत नाही.

२ जानेवारी

दिवसभर पडून. सून हल्ली कमी बोलते. कामाचं ओझं असेल.

१९ जानेवारी

लेख छापून आला. तिला कायमही केलं. काल सरांना वाचून दाखवला, आज मला. छान वाचते. 'एकतीस वर्षं' म्हणाली, माझं नावही घेतलं. मग चहा टाकायला गेली, आणि अंक माझ्या मांडीवर राहिला.

अक्षर मला येत नाही. आकडे येतात. नाहीतर शंभरचं शंभरात आणि पाचशेचं पाचशेत लावत होते ते काय वासावरून?

पाच आणि शून्य, चार ठिकाणी आहे. तीन आणि एक कुठेच नाही.

मला तोंड उघडायला एकतीस वर्षं लागली. तुला मी घाई करत नाही. सरांना आणि मला पुन्हा वाचून दाखवलंस तरी चालेल, तू वाचतेस छान.

थांबू नकोस. जसंच्या तसं, असं ठरलंय आपलं. लिही.