कोरड्या मोटेची गत

अमरावती,
भाद्रपद, पितरांचा पंधरवडा

प्रिय महादू,

आधी तिकडची खुशाली कळव. आईचा दमा आता तरी तिला झोपू देतो का? बाबांचे गुडघे कसे आहेत? तिकडे मोट हाकायची नसेल, तेव्हा बसल्या बसल्या सगळ्यांवर कुरकुरत असतील! थोरल्या आक्काला नीट दिसायला लागलं का रे? आपला ढवळ्या भेटला, तर त्याच्या मानेवरचा घट्टा चोळून दे, त्याला ते फार आवडायचं. आणि तू? तुझ्या पोटात आता काही ठरतं ना? शेवटच्या दिवशी घोटभर पाणीसुद्धा ठरत नव्हतं, तेच डोळ्यांपुढे येतं.

आम्ही इकडे बरे आहोत. समुद्रापलीकडची लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि आपल्या कापसाचा भाव उताणा पडला. ज्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली होती, ते ती गुपचूप उतरवून राहिले. आपल्या वांग्याला आणि मेथीला मात्र लढाईचं काही नाही. लोक जेवतातच.

काल तुझं पान वाढलं. अंबाडीची भाजी, वडे, कढी. कावळा लगेच आला! इतका लगेच, की मला रागच आला. एवढं सगळं अर्धवट टाकून गेलास आणि तुझं काहीच मागं राहिलं नाही होय? तुझं नसेल, पण माझं राहिलं आहे. म्हणून हे लिहितो. मला नीट लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. कापसाच्या गाठींवरचे शिक्के वाचत वाचत शिकलेली ही अक्षरं, ती गाठीएवढीच मोठी येतात.

परवा मी अकोल्याला जाऊन आलो. तू बाज्यावर बांधलेली मोटेची गत ऐकून आलो. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तुला आठवतं, तू त्या मोठ्या बाज्याजवळ पहिल्यांदा कसा गेलास? कापूसवाल्या साहेबाच्या बंगल्यावर आपण दोघं झाडांना पाणी घालायचो. आत मडम पियानो वाजवायची, आणि तू खिडकीखालच्या एकाच गुलाबाला पाणी घालत बसायचास. तो गुलाब सडला! मडमनं बाहेर येऊन पाहिलं, तर तू तिचंच वाजवणं गुणगुणत होतास. रागावण्याऐवजी तिनं तुला आत बोलावलं. मातीचे पाय पुसत तू गेलास, तो माळी म्हणून परत आलाच नाहीस.

तिनं तुला ओळींवर टिंबं मांडायला शिकवलं. मला ती मुंग्यांची रांगच वाटायची. ती विलायतेला निघून गेली तेव्हा साहेब एकटा पडला. तो म्हणाला, बाजा पुसत जा आणि संध्याकाळी वाजवत जा. तुला काय, आंधळा मागतो एक डोळा!

पण तिचंच किती दिवस वाजवणार? मग तुझं स्वतःचं सुरू झालं. अकोल्याच्या वाटेनं कापसाच्या बंड्या जायच्या, त्यांच्या बैलांच्या घुंगरांवरून बंडीची गत. बाया रेच्यावर सरकी काढायच्या, त्या दोन लाटण्यांच्या कुईकुईवरून रेच्याची गत. सोबतीला रहीमभाईंची सारंगी. तिसरा मी, मांडीवर ताल धरायला आणि "वा" म्हणायला. मी तुला म्हटलं होतं, "देवळात वाजव ना रे, लोक तरी ऐकतील."

"दादा, हे खोलीतलं गाणं आहे," तू म्हणालास. "दार लोटून चार जणांनी ऐकायचं. देवळात नेलं तर लाजंल ते."

त्यातच ती खंडेनवमी आली. साहेब मालाच्या कामानं अकोल्याला गेला होता. आपल्या घरी नांगर, विळे, खुरपी, मोटेचं चाक सगळं धुऊन पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून झालं. गोदानं विचार केला, आपल्या नवऱ्याचं हत्यार तर बंगल्यात आहे, त्याला कोण पुजणार? ती बिचारी ताट घेऊन बंगल्यावर गेली. पट्ट्यांवर हळदकुंकू वाहिलं. आणि चाक कुरकुरू नये म्हणून आपण घालतो, तसं वाटीभर करडीचं तेल डाव्या अंगाच्या पट्ट्यांच्या फटींतून आत सोडलं. मायेनं सोडलं रे! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. तेलात हळद कालवली, धूळ चिकटली, आणि त्या पट्ट्या मुक्या झाल्या. दाबल्या की नुसतं लाकूड वाजायचं, ठक ठक.

गोदा रडून रडून अर्धी झाली. तू तिला एक शब्द बोलला नाहीस. मला तेवढं म्हणालास, "दादा, बाज्यानं पूजा लयच मनावर घेतली. मौन धरून बसला."

आणि त्या मुक्या पट्ट्यांवरच तू मोटेची गत बांधलीस!

विहीर आटली होती ते वर्ष आपल्या दोघांच्या पोटात होतंच ना? बाबा मोट सोडायचे, ती तळाच्या दगडावर आपटायची आणि रिकामी वर यायची. आई फावडं घेऊन वांग्याच्या वाफ्यात उभी, पाणी येईल म्हणून. पाणी येत नव्हतं, आणि ती हलतही नव्हती. तुझ्या गतीत आधी भरली मोट यायची, धावेवरून बैल उतरायचे, थारोळ्यात पाणी पडायचं. मग हळूहळू तुझा डावा हात त्या मुक्या पट्ट्यांकडे सरकायचा. ठक. ठक. सूर नाही, नुसतं लाकूड. आणि त्या वेळी रहीमभाईंची सारंगी एकच सूर धरून उभी राहायची, वाफ्यातल्या आईसारखी. मी तिथं "वा" म्हणायचं विसरायचो.

आईला ऐकवलीस का रे ती तिकडं? काय म्हणाली?

गेल्या उन्हाळ्यात पटकी आली आणि एका दिवसात तुला घेऊन गेली. पुढं साहेबाचा धंदा बसला. बाजा तुझ्या कागदांसकट अकोल्याच्या दुसऱ्या साहेबाकडे गेला. तिथली मडम तुझी गत वाजवते असं कानावर आलं, तेव्हा मी रहीमभाईंना म्हटलं, चला. बडनेऱ्याला आगगाडीत बसलो. तू रूळ टाकताना पाहिलेस, गाडी नाही पाहिलीस. मूर्तिजापूर कधी मागं पडलं कळलं नाही. रहीमभाई सारंगी तान्ह्या लेकरासारखी उराशी धरून बसले होते.

मडम भली बाई आहे. आम्हाला खुर्च्या दिल्या, आम्ही पायरीवरच बसलो. तुझी टिंबं समोर ठेवून तिनं गत सुरू केली, रहीमभाईंनी सारंगी लावली. काय हात आहे तिचा! बैल उतरले, पाणी पडलं. मी डोळे मिटले. आता मोट कोरडी येणार.

आणि महादू, डावीकडून भरघोस सूर आले! एकामागून एक, घंटांसारखे. मुंबईहून कारागीर आणून तिनं बाजा आतून धुऊन घेतला आहे. हळद नाही, तेल नाही. सगळ्या पट्ट्या बोलायला लागल्या. कागदावर टिंबं होती, तिनं ती वाजवली. तिचं काय चुकलं?

रहीमभाईंची सारंगी मध्येच थांबली. "मडमनं विहीर भरून टाकली रे, सखाराम," ते माझ्या कानात म्हणाले.

मग त्यांनी हात जोडून तिला सांगितलं, "मेमसाब, यहाँ आवाज नहीं होना. यहाँ सूखा है."

ती हसली. "हाँ, पहले खराब था. अब ठीक किया," ती म्हणाली, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून तो तुकडा पुन्हा वाजवून दाखवला. आणखी जोरात!

मी काय करणार होतो? तिला आईचं फावडं कोणत्या भाषेत सांगू? तिनं केलं ते प्रेमानंच केलं, गोदानं केलं तसंच. एकीनं तेल घातलं, एकीनं पुसलं. मी हात जोडले आणि उठलो. परतीच्या गाडीत रहीमभाई एवढंच म्हणाले, "माझा हात आता कापते, सखाराम. माझ्यामागं तो सूर कोण धरंल?"

का रे, कागदावर एवढं लिहिता आलं नाही तुला, की इथं वाजू नये? मुंग्यांमध्ये तेवढी एक खूण नाही का?

आणि दुसरं. तिच्या हातच्या मुक्या पट्ट्यांवर गत बांधलीस, हे गोदाला तू कधीच का सांगितलं नाहीस? ती त्या दिवसानंतर बंगल्याची पायरी चढली नाही. तुझी गत तिनं ऐकलीच नाही. तुला वाटलं असेल, कशाला जुनं उकरायचं. पण तिच्या मनात काय बसलं ठाऊक आहे? हत्याराचा कोप झाला आणि म्हणून तू गेलास! त्या नवमीपासून तिनं तेलाची वाटी हाती धरली नाही. गेल्या नवमीलाही हत्यारं नुसत्या पाण्यानं पुजली. मोटेचं चाक दोन शेतांवर ऐकू जाईल असं ओरडतं, तरी तेल नाही.

मी अकोल्याहून आलो तर ती दारातच उभी. पदर सावरून म्हणाली, "भाऊजी, वाजते का आता नीट?"

"वाजते, गोदाबाई."

"माह्या हातच्या पट्ट्याबी?"

"त्याबी."

ती उंबऱ्यावर बसली आणि तू गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडली. "मंग डाग गेला," म्हणाली. "बरं झालं माय, डाग गेला." आणि संध्याकाळी, महादू, तिनं आपल्या हातानं चाकाला तेल घातलं. आज मोट मुकाट्यानं फिरते आहे.

आता सांग, मी कोणत्या तोंडानं सांगू तिला, की तो डाग नव्हताच, तुझ्या साऱ्या संगीताचा जीव तिथंच होता, आणि तो आता पुसला गेला? न सांगावं, तर तुझी गत खोटीच वाजत राहणार आणि खरी कोणती ते रहीमभाईंच्या आणि माझ्या मागं कोणालाच कळणार नाही. सांगावं, तर कालपरवा हाती घेतलेली वाटी ती पुन्हा खाली ठेवील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी म्हातारा!

माझ्या हातात आहे तेवढं करतो. येत्या खंडेनवमीला रहीमभाईंना आपल्या विहिरीवर बोलावीन. हात कापत असला तरी ते आईचा सूर धरतील. बाजा नाही, आणि भरल्या मोटेचे तुझे सूर मला सात जन्मांत यायचे नाहीत. पण त्या कोरड्या जागा मला पाठ आहेत. तिथं मी बसायच्या लाकडी पाटावर बोटं ठोकीन. तुझ्या एवढ्या वाजवण्यातलं मला वाजवता येतं ते तेवढंच, जे वाजत नव्हतं ते. गोदाला समोर बसवीन आणि म्हणीन, "गोदाबाई, हे त्यानं तुमच्या हातच्या पट्ट्यांवर बांधलं." हे माझं वचन.

मात्र तिला ते ऐकून हसू येईल की ती पुन्हा मिटून जाईल, हे मला कळत नाही रे. तिच्यासोबत संसार तू केलास. सांगू की नको, एवढं एका ओळीत कळव. नवमीला फार दिवस नाहीत. कावळ्याजवळ निरोप दिलास तरी चालेल, पण कालच्यासारखा घाईघाईनं खाऊन उडून जाणारा नको. थोडा वेळ बसेल असा धाड.

लवकर लिही. मी विहिरीवरच असतो.

तुझा दादा,
सखाराम