स्वित्झर्लंडमागचा खिळा

बारामती,
१२ नोव्हेंबर १९९६

प्रिय मेघना,

‘प्रिय’ ही कॉन्व्हेंटची सवय. भांडणाच्या पत्रातसुद्धा मायना सोडायचा नाही, असं सिस्टरनी हातावर पट्टी मारून शिकवलंय. पुढच्या मजकुरात प्रिय काही शोधू नकोस.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस पुण्याला काय गेले, तू आणि रणजितरावांनी शेजारच्या फुलाबाईंकडून किल्ली घेऊन माझं घर सजवलंत. नव्या डोळ्याला पहिल्यांदा लख्ख दिसलं ते माझ्याच बैठकीतलं स्वित्झर्लंड! फ्रेममध्ये बर्फाचे डोंगर, तळं, तळ्यात बदकं. खाली प्लॅस्टिकचे गुलाब आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकचंच दव. फुलाबाई किल्ली परत द्यायला आल्या त्या दारातच थबकल्या. म्हणाल्या, “बाई, चपला हितंच काढू का? लॉजमधी आल्यावानी वाटतंय.”

आणि माझ्या वस्तू? पलंगाखाली, भिगवणची मासळी बांधावी तशा वर्तमानपत्रात.

वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं मी एक खिळा ठोकला नाही. भिंत आपली नव्हती. स्वतःच्या घरात आल्यावर नियम केला आणि तो तुला पाठ आहे: आधी वस्तू, मग खिळा. पहिला खिळा तुझ्या अप्पांच्या ओळंब्याला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती सरळ करून घेतल्या, स्वतःची बघायला राहिले नाहीत. मग माहेरच्या दाराची कडी. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात हटलं तेव्हा आमच्या बुडालेल्या घराच्या जोत्याच्या दगडांतून मी ती स्वतः उचलून आणली, गुडघाभर गाळात उतरून. तिला तू ‘गंजकं भंगार’ म्हणालीस, असं कळलं. त्या भंगारामागे तुझ्या आजीनं पाच पोरं वाढवली. आणि रणजितरावांना सांग, ऊस एका दिवसात सरीत लावून मोकळं होता येतं. घर असं लागत नाही.

बरं, स्वित्झर्लंड टांगलंस कशावर, ते तरी पाहिलंस? ओळंब्याशेजारच्या रिकाम्या खिळ्यावर. आयता मिळाला, वापरलास. नियम पाठ असलेल्या मुलीला एवढं विचारावंसं वाटू नये, की आईच्या भिंतीवर हा एकच खिळा चार वर्षं बिनवस्तूचा का?

इंदापूरला तुमचं रजिस्टर लग्न झालं, त्या दिवशी मी आले नाही. त्या वेळी मी हातोडी घेऊन याच भिंतीपाशी स्टुलावर उभी होते. आयुष्यात तेवढा एकच खिळा मी वस्तूच्या आधी ठोकला. लग्नाचा फोटो पाठवू नकोस, असं मीच कळवलं होतं, मान्य. पण जन्मात कधी माझं न ऐकणाऱ्या मुलीनं नेमकं तेवढंच ऐकावं?

स्वित्झर्लंड उतरवून ठेवलंय, घेऊन जा. येताना फोटो आण. पोस्टानं नको, काच फुटते. जावई त्यात दात काढून हसत असले तरी टांगीन. तेवढं खिळा गंजायच्या आत कर.

तुझीच (दुसऱ्या कुणाची होणार?),
आई