दुधातली पुडी, खिशातल्या गोळ्या

अहो,

डोळा लागला म्हणून तुमाला उठवलं न्हाय. सकाळी नळावर तुमाला चक्कर आली, ती उन्हाची नव्हती. तुमचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात गोळ्या. शेजारच्या नर्सबाईंनी वाचून सांगितलं, ब्लडप्रेशरच्या हायत. मला एका शब्दानं बोलला न्हाईत.

मीबी पंधरा दिवस तुमच्या दुधात वैद्यांची झोपेची पुडी घालतीय, सर्पगंधाची. झाडपाल्याचं औषध, त्यानं काय हुतंय, असं वाटलं. बाई म्हणाल्या, त्या मुळीनं ब्लडप्रेशर उतरतं, गोळीतबी तीच हाय, दुप्पट झाली की, म्हणून चक्कर.

दोन्ही घेऊन डॉक्टरांकडं चाललीय. मी येईपर्यंत कायबी औषध घेऊ नका, झटकन उठू नका.

आजपासून दुधात साखरच घालीन. तुमीबी खिशात रुमालच ठेवा.

शालन