आत उरलेला एक

३ मार्च
जुन्या तुरुंगाची लायब्ररी अखेर सुरू झाली. कोठड्यांत वाचनाची टेबलं, फाशीच्या चौकात बालविभाग (चौकाचं नाव बदलायला हवं). सगळ्या आयडिया माझ्या. जेलरची खोली आता माझी केबिन. तिला मागून खासगी दरवाजा, बाहेर माझी गाडी. रुबाब आहे! ही म्हणाली, आता तरी वेळेवर घरी या. म्हटलं, सोमवारपासून नक्की.

७ मार्च
पुढच्या दारावर येणारी-जाणारी माणसं मोजणारं मशीन लावलंय. रोज सकाळी शून्यापासून मोजायला लागतं, बंद करताना परत शून्य यायला हवं. आत एक दाखवतं. नवं आहे, रुळेल.

१२ मार्च
सेन्सर बदलला. तरी आत एक. वॉचमन म्हणतो, साहेब, कुणा एकाची सुटका राहून गेली असणार. त्याला झापलं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कोपऱ्यातल्या कोठडीपाशी अंगावर काटा आला, तो गारव्यामुळे. एरवी जेवणानंतर मी तिथेच चिंतन करतो.
हिला फोन करायचा राहिला. उद्या.

१९ मार्च
दुपारी त्या कोठडीत परत डोकावलो. खुर्ची कोमट. टेबलावर उघडं पुस्तक, वर चष्मा. हुबेहूब माझ्यासारखा. माझा जेवल्यापासून सापडत नाहीये, नाहीतर ताडून पाहिला असता.
वॉचमन तिथला दिवा विझवत नाही. म्हणतो, कुणी असलं तर अंधार नको.
ही बहिणीकडे जायचं म्हणते. बरंच आहे, हवापालट होईल.

२६ मार्च
ही बॅग भरत होती, तेव्हा मशीनची भानगड रंगवून सांगितली. शांतपणे म्हणाली, सकाळी सगळ्यांचे सलाम घेत पुढून आत जाता, संध्याकाळी मागच्या दाराने गाडीत बसता. तुम्ही बाहेर पडलात हे मशीनला कसं कळणार? मलाही कधी कळलं नाही.
बायकांना टेक्निकल गोष्टींत गती नसते. केवळ तिच्या समाधानासाठी उद्या पुढून निघेन.

२७ मार्च
पुढून निघालो. शून्य. वॉचमनने हात जोडले. म्हणाला, सुटला बिचारा.
वेळेवर घरी आलो. दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. त्यांनी आधी मला ओळखलंच नाही. आत कपाटाची तिची बाजू रिकामी. सवयीने हाक मारली. मग स्वतःच दचकलो.
हवापालटच आहे. येईल. सोमवारपर्यंत नक्की.
हॉलमधला दिवा चालूच ठेवलाय. कुणी आलं तर अंधार नको.