पांढऱ्या पेटीचा इंजिनिअर

८ मार्च, शनिवार

पेटी उभी राहिली! मागच्या अंगणात, चार पायांवर, पांढरीशुभ्र, चारी बाजूंना झडपा. आत थर्मामीटर. ऊन शिरत नाही, वारा मात्र खेळतो. सारंगने दार दक्षिणेकडे लावलं होतं — ते उतरवून उत्तरेकडे लावायला लावलं. नवरा सॉफ्टवेअरवाला, ॲपशिवाय दिशा कळत नाहीत. पुण्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघितलं. "अगं नीरजा, देव्हारा बाहेर का ठेवलास?"

९ मार्च

शेजारच्या इनेकाबाईंना वाटलं, मी मधमाश्या पाळणार. हवामानासाठी आहे म्हटल्यावर आणखीच खूश. ग्रंथालयात त्या दर महिन्याला कुणाला तरी बोलायला बोलावतात. म्हणाल्या, "एप्रिलमध्ये तू. ही पेटी कोणी शोधून काढली ते सांग." आणि डचमध्ये. मी हो म्हणून बसले.

१६ मार्च

थॉमस स्टीव्हन्सन. दीडशे वर्षांपूर्वीचा स्कॉटिश सिव्हिल इंजिनिअर. घराणंच दीपगृहं बांधणारं — वडील, भाऊ, सगळे. हा मात्र लाट किती जोराने आपटते ते मोजायला खडकांवर यंत्रं बसवायचा. वर हवामानाचं वेड. पेटंटं घेतली नाहीत. सरकारी कामात सुचलेलं सगळ्या देशाचं, असं त्याचं म्हणणं. माणूस आवडला. मीही सिव्हिलच, समुद्र अडवणाऱ्या बांधांवर पोट भरते. आमचं नीउ-व्हेनेपचं घरच समुद्राच्या पातळीखाली!

२३ मार्च

लेक भार्गवी माझं डच तपासते. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. सतरा वर्षांची झाली तरी तेच. या पेटीला इथे 'वेअरह्युट' म्हणतात, हवामानाची झोपडी. माझ्या तोंडून दरवेळी 'वेअरहूट' निघतं. म्हणजे हवामानाची टोपी. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मध्येच विचारलं — डेल्फ्टच्या विद्यापीठात सिव्हिलसाठी नाव नोंदवलंस का? मुदत मेच्या एक तारखेला संपते. "स्ट्राक्स," म्हणाली. नंतर.

३० मार्च

पावसाचा थेंब नाही. पेटी बघायला जाते, परत येते, भाषण पाठ करते.

५ एप्रिल

आज वाचलं ते डोक्यातून जात नाही. स्टीव्हन्सनने एका बंदराला मोठा बांध बांधला होता. समुद्राने फोडला. दुरुस्त केला, पुन्हा फोडला. लाटा मोजण्यात आयुष्य घातलेल्या माणसाचा बांध! हे भाषणात सांगावं का?

सारंग म्हणाला, "तेच सांग. बाकी नुसतंच कौतुक आहे."

१२ एप्रिल, शनिवार

झालं एकदाचं. खुर्च्या भरलेल्या, मागे काही जण उभे. तिसऱ्याच वाक्याला मी टोपी म्हणाले. पुढच्या रांगेतले आजोबा शांतपणे म्हणाले, "माझ्या मापाची मिळेल का?" सगळे हसले, मीही. मग भीतीच गेली.

बांध फुटल्याचंही सांगितलं. इथल्या लोकांना फुटलेला बांध समजावून सांगावा लागत नाही.

शेवटी त्याच्या मुलाची गोष्ट. एकुलता एक, त्यालाही इंजिनिअरच करायचं ठरलेलं. एकदा दोघं फिरायला गेले असताना मुलगा म्हणाला, मला हे नाही करायचं, मला लिहायचंय. बापाच्या मनाला फार लागलं, पण तो शांत राहिला. म्हणाला, निदान वकिली तरी शीक. यावर सगळे खूप हसले — बहुतेक सगळे आईबापच होते ना. फक्त भार्गवी हसली नाही.

इनेकाबाईंनी ट्यूलिप दिले. पिवळे.

१३ एप्रिल

"आई, फिरायला येतेस?" चक्क मराठीत. कालव्याच्या काठाने निघालो. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "मला डेल्फ्टला नाही जायचं. तेर्शेलिंग बेटावर जहाजावरचे ऑफिसर तयार करतात, तिथे नाव दिलंय."

मला काही शांत राहता आलं नाही. खूप बोलले. वादळं, लाटा, महिनोन्महिने घराबाहेर — सगळं. ती ऐकत चालत राहिली. शेवटी विचारलं, "भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना. म्हणून तर जवळून बघायचंय."

सारंगला अजून सांगितलेलं नाही. बेटावर जाणाऱ्या बोटीची तिकिटं मात्र तिघांची काढली.